कर्णा आणि कान

दिवाळीच्या साफसफाईला आमच्या घरी जसा एक ठरलेला मुहूर्त आहे, तसेच एक ठरलेले भांडणही आहे. मुहूर्त दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारचा. भांडण त्याच रविवारी सकाळी दहाच्या सुमाराचे. तोवर माळ्यावरचे डबे खाली उतरलेले असतात, पडदे भिजत पडलेले असतात, आणि मी रद्दीच्या ढिगातून जुने दिवाळी अंक हळूच परत कपाटात सरकवण्याच्या खटपटीत असतो. अशा वेळी सौभाग्यवती पदर खोचून बैठकीच्या खोलीत येतात, समोरच्या भिंतीशी उभ्या असलेल्या दोन पेट्यांकडे केरसुणीने निर्देश करतात आणि विचारतात, "अहो, यंदा तरी या हलणार आहेत का?"

मी म्हणतो, "पुढच्या वर्षी बघू."

या सदराच्या वाचकांना माझी बरीचशी वेडे एव्हाना पाठ झाली असतील. या पेट्यांची गोष्ट मात्र मी आजवर कागदावर आणली नव्हती. माणूस आपले दोष मोकळेपणाने सांगतो; पण ज्या गोष्टीचा त्याला मनातून अभिमान असतो, तिच्याबद्दल बोलायला तो जरा लाजतो. यंदा ती लाज सोडावी असे काही घडले आहे. म्हणून हा कबुलीजबाब.

पेट्या म्हणजे जुने ध्वनिक्षेपक. आपल्या साध्या भाषेत स्पीकर. दोन फूट उंच, सव्वा फूट रुंद, अस्सल लाकडाच्या पातळ पट्टीने मढवलेले, आणि पुढच्या बाजूला एकेकाळी पांढरे असलेले, आता चहाच्या रंगाचे झालेले कापड. एकेकाचे वजन २४-२५ किलो. १९७०च्या सुमाराला परदेशात तयार झालेले, तिथल्या कोणा हौशी माणसाने ऐपतीबाहेर खर्च करून घेतलेले, आणि पुढे कसे कोण जाणे, मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात, एका झुंबराखाली येऊन पडलेले. मी तिथे गेलो होतो जुनी पुस्तके पाहायला. परत आलो तो या पेट्या घेऊन, सुरतमार्गे, रात्रीच्या गाडीने. नंदुरबार स्टेशनावर हमालाने पेटी खांद्यावर घेताना विचारले, "मास्तर, यात काय भरलंय?"

मी म्हणालो, "गाणं."

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिले आणि मजुरी दुप्पट सांगितली. शहाण्याकडून एक दर आणि वेड्याकडून दुसरा, हा व्यवहार मला आजही न्याय्य वाटतो.

घरी मात्र या पाहुण्यांचे स्वागत थंडे झाले. शेजारच्या वहिनींना त्या धान्याच्या कोठ्या वाटल्या. एका सहकाऱ्याने एकीवर चहाचा कप ठेवला; त्याचे वर्तुळ आजही तिथे आहे, आणि त्या सहकाऱ्याशी माझे संबंध तेव्हापासून फक्त कामापुरते आहेत. आमच्या आठवीतल्या कन्येने तर एका मैत्रिणीकडचा डाळिंबाएवढा स्पीकर आणून माझ्या पेट्यांच्या शेजारी ठेवला, त्यावर एक सिनेमाचे गाणे लावले आणि म्हणाली, "बाबा, यातूनही हेच येतं की!"

आता हिला काय सांगावे? पण अध्यापकाचा धंदा असा आहे की, कोणी प्रश्न विचारला की उत्तर यावे लागते, निदान लांबवावे तरी लागते. मी तिला समोर बसवले. म्हटले, हे बघ, स्पीकर म्हणजे मोठी जादू नाही. एक लोहचुंबक, त्याच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे, आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. तारेतून वीज आली की वेटोळे मागेपुढे हलते, त्याबरोबर कागद हलतो, कागदाबरोबर हवा हलते, आणि हलणारी हवा कानात शिरली की तिला आपण गाणे म्हणतो. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली ही रचना जगापुढे मांडली. त्याआधी ग्रामोफोनला नुसता कर्णा असे. सुईची थरथर त्यातून मोठी होऊन बाहेर पडे. शंभर वर्षे झाली, पण मुळातली युक्ती तीच राहिली. तुझ्या त्या डाळिंबातही तीच आहे.

"मग एवढं मोठं खोकं कशाला?" तिने विचारले.

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर असे की, कागद पुढे जाताना जशी समोरची हवा ढकलतो, तशीच मागची हवा ओढतो. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की मारून टाकतात, आणि तबल्यातला बायाँ किंवा तंबोऱ्याचा खर्ज ऐकूच येत नाही. म्हणून मागची लाट पेटीत कोंडायची. पूर्वी त्यासाठी कपाटाएवढ्या पेट्या लागत. एडगर व्हिल्चर नावाच्या एका अमेरिकन शिक्षकाने १९५४ साली निराळी युक्ती काढली. त्याने पेटी हवाबंद केली आणि आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. शंकू सैल सोडायचा. त्याला जागेवर परत आणायचे काम आतल्या हवेने करायचे. त्यामुळे कपाटाएवढा खर्ज मांडीएवढ्या खोक्यातून येऊ लागला. माझ्या पेट्या त्याच्या कंपनीच्या नव्हेत, पण त्याच वाणाच्या आहेत. या व्हिल्चरचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

कन्येने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि डाळिंब उचलून ती अभ्यासाला गेली.

खरे सांगायचे तर तिची बाजू अगदीच लंगडी नव्हती. आजचे चांगले स्पीकर मापाच्या कसोटीवर माझ्या पेट्यांपेक्षा पुष्कळदा सरस ठरतात, हे मला ठाऊक आहे. शिवाय जुन्या मालाची दुखणी असतात. शंकूच्या कडेला मऊ फोमची एक पट्टी असते, तिच्यावर तो तरंगतो. हा फोम हवेतल्या दमटपणाने पंधरा-वीस वर्षांत कुजतो. मी पेट्या घरी आणून पुढचे कापड काढले तेव्हा तो फोम बोट लावताच गुळाच्या भेलीसारखा कुस्करला. ती पट्टी नवी बसवता येते. मी ती मागवली आणि परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे बाजूला सारून दोन रविवार स्वतःच्या हाताने बसवली. सौभाग्यवतींनी त्या वेळी विचारले होते की, स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलायला याहून अधिक कौशल्य लागते का. मी ऐकले न ऐकलेसे केले.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा गाणे लावले ती संध्याकाळ मी विसरणार नाही. ऑक्टोबर महिना होता. आमच्या नंदुरबारला त्या दिवसांत गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडू लागते. वारा फिरला की अर्ध्या गावाला ठसका लागतो. खिडक्या लावून घेतल्या होत्या. मी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावली. खाँसाहेब १९३७ साली गेले. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. पण त्या दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध, भिंतीपासून हातभर पुढे, कोणीतरी येऊन बसले आहे असा भास झाला. सूर गोल होता, उबदार होता. कडेला किंचित एक खरखरीत झाक होती; पण जुन्या स्पीकरांचे शौकीन जिला 'ऊब' म्हणतात ती हीच, असे मी मनाशी ठरवून टाकले.

तेव्हापासून मी बिघडलो. लग्नसराईत आमच्या रस्त्यावरून गाडीवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंती जातात. बँड वाजतो, खिडक्यांची तावदाने हलतात, कपाटातल्या बशा नाचतात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, असा नियम २००० सालापासून आहे. तो त्या गाडीवाल्यांना कोणी वाचून दाखवला असेल असे वाटत नाही, आणि दाखवला तरी त्या आवाजात त्यांना तो ऐकू आला नसता. अशा वेळी मी माझ्या पेट्यांकडे पाहून मोठ्या समाधानाने म्हणे, "आवाज आणि नाद यांत फरक आहे." मराठीत कर्ण आणि कर्णा या दोन शब्दांत केवळ एका कान्याचा फरक आहे, पण लोकांना कर्णा हवा असतो आणि कर्णाची पर्वा नसते, असे एक सुभाषितही मी तयार केले होते. वर्गात ते दोनदा वापरले. मुले हसली. मला वाटले, आपल्याला ऐकण्याची कला साधली.

आणि मग आप्पा आमच्याकडे राहायला आले.

आप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर प्राथमिक शिक्षक. नोकरीची बहुतेक वर्षे अक्कलकुवा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत गेली. आई गेल्यावर शहाद्याकडच्या गावी ते एकटेच राहत. "माझं बरं चाललंय" हे त्यांचे पालुपद. शेवटी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचे निमित्त करून आम्ही त्यांना घेऊन आलो. बरोबर एक ट्रंक, एक छत्री, आणि जुन्या धोतरात गुंडाळलेला मर्फी रेडिओ.

तो रेडिओ माझ्या लहानपणाचा अर्धा भाग आहे. ठाण्याच्या कारखान्यातला, लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा. बटण फिरवले की लगेच बोलत नसे. आत हळूहळू तांबूस उजेड पडे. मी उतावीळपणे काटा फिरवायला जाई तेव्हा आप्पा म्हणत, "थांब रे भो, तापू दे त्याला." अर्ध्या मिनिटाने घसा खाकरल्यासारखा आवाज येई आणि मग बातम्या. घरातले सर्वजण त्या फळीखाली बसत. आई भाकरी थापायची थांबत नसे, पण तिची थाप हलकी होई. मला आवाजाची गोडी लागली असेल तर ती तिथे.

आता त्याचे व्हॉल्व्ह गेले आहेत. पण मी मागची फळी उघडून पाहिली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्यातल्या स्पीकरच्या शंकूला फोमची कड नव्हतीच. कागदालाच चुण्या पाडून कड केली होती. तो कागद आजही धड होता. माझ्या भारी पेट्यांची कड कुजली होती आणि मास्तरांच्या रेडिओची टिकली होती. मी हे कोणाला सांगितले नाही.

आप्पा आल्यावर मला एक हक्काचा श्रोता मिळाला. रोज संध्याकाळी कॉलेजातून आलो की मी त्यांना खुर्चीवर, पेट्यांपासून नेमक्या अंतरावर बसवी, तबकडी लावी आणि विचारी, "कसं वाटतंय?"

"छान," आप्पा म्हणत. "फार छान."

हिराबाई लावल्या, "छान." बालगंधर्व लावले, "फार छान." कन्या म्हणे, "आजोबा सगळ्यांनाच पैकीच्या पैकी देतात." मी म्हणालो, हा पेट्यांचा गुण.

काही बारीकसारीक गोष्टी घडत होत्या, त्यांची मी नोंद घेतली नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली तरी आप्पांची मान वळत नसे. कन्येने "आजोबा, सरबत देऊ?" असे विचारले तर ते "बरं आहे, बरं आहे" असे उत्तर देत. सौभाग्यवती हळू बोलल्या तर "काय?" आणि मोठ्याने बोलल्या तर "ओरडतेस कशाला, मी काय बहिरा आहे?" एकदा ते मला म्हणाले, "हल्लीची पोरं शब्द खातात रे. स्पष्ट बोलतच नाहीत कोणी."

वाचकहो, इथे माझ्या व्यासंगाने घात केला. कारण हल्लीची पोरे शब्द खातात हे माझे स्वतःचे लाडके मत! मी त्या विषयावर त्यांच्याशी अर्धा तास बोललो. 'श' आणि 'ष' यांतला भेद कसा बुडाला, दंत्य 'च' कसा नासला, यावर मी सोदाहरण विवेचन केले. आप्पा मान डोलावत होते. आता मला वाटते, त्यातले निम्मेही त्यांच्यापर्यंत पोचले नसावे.

मग गेल्या श्रावणातली ती संध्याकाळ आली. बाहेर पाऊस होता. खाँसाहेबांची तीच तबकडी लावून मी पेपर तपासायला बसलो. आप्पांनी खुर्ची पेटीजवळ ओढून घेतली होती आणि डावा तळवा पेटीच्या माथ्यावर, त्या चहाच्या वर्तुळाशेजारी, ठेवला होता. मला ते दृश्य फार आवडले. पेपरांत गुंतलो. तबकडीची बाजू संपली. सुई शेवटच्या रिकाम्या घेरात फिरत राहिली. पेटीतून नुसती बारीक 'टक्... टक्' येत होती. उठायचा कंटाळा म्हणून मी तसाच बसलो. सहज मान वर करून पाहिले.

आप्पा उजव्या हाताने मांडीवर ठेका धरून बसले होते. मान हलकेच डोलत होती. माझी नजर त्यांच्याकडे वळलेली दिसताच ते म्हणाले, "वा! फार छान."

पेटीतून काहीही वाजत नव्हते.

मी तिथल्या तिथे काही बोललो नाही. उठलो, सुई उचलली, तबकडी पुसून पाकिटात घातली. पुसायला जरा जास्तच वेळ लावला. आप्पांना गाणे ऐकू येत नव्हते, हे कळले ते कळलेच. पण त्याहून बोचले ते दुसरे. इतके महिने ते ऐकण्याचे सोंग करत होते, आणि ते स्वतःसाठी नव्हे. मुलाने हौसेने मांडलेला खेळ मोडू नये म्हणून करत होते. लहानपणी मी काढलेले वेडेवाकडे चित्र हातात घेऊन ते असेच "छान, फार छान" म्हणत असत.

दुसऱ्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. आप्पा आधी चिडले, मग गप्प झाले, मग आले. त्यांना एका लहानशा बंद खोलीत बसवून कानाला फोन लावला, आणि जाड्या-बारीक, मोठ्या-हळू सुरांना ते कसा प्रतिसाद देतात त्याचा आलेख काढला. डॉक्टरांनी तो मला दाखवला. डावीकडे खर्जाचे सूर. तिथे रेषा बरीच वर होती. उजवीकडे बारीक सूर. तिथे ती तोरणमाळचा घाट उतरावा तशी खाली कोसळली होती.

"वयानं असंच होतं," डॉक्टर म्हणाले. "वरचे सूर आधी जातात. आवाज येतो, शब्द कळत नाहीत."

बाकीचे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. ते मी वीस वर्षे शिकवत आलो आहे. स्वर घुमतात, ते खर्जात असतात. स, श, फ, ख, थ ही अघोष मंडळी नुसत्या वाऱ्याची. त्यांचा जोर बारीक सुरांत. स्वरांनी बोलणे ऐकू येते आणि व्यंजनांनी ते कळते. आप्पांच्या जगात स्वर राहिले होते. व्यंजने एकेक करून निघून गेली होती. काठीच्या होळीतला ढोल त्यांना आजही ऐकू आला असता. पण बासरीची फुंकर गेली होती, कुकरची शिटी गेली होती, आणि नातीने विचारलेल्या सरबतातला 'स' गेला होता. पोरे शब्द खात नव्हती.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी माझे स्पीकरविषयीचे टिपण काढून बसलो. व्हिल्चरबद्दल पुढचे काही वाचायचे राहून गेले होते. १९५४ साल आले की माझे कुतूहल तिथेच थांबत असे. वाचले आणि थक्क झालो. या गृहस्थाने १९६७ साली आपली भरभराटीची कंपनी विकून टाकली, आणि पुढचे आयुष्य कशाला वाहिले असेल? श्रवणयंत्रांना! ज्याने माझ्या वाणाच्या पेट्या जन्माला घातल्या, त्याला पुढे वाटले की पेटी पुष्कळ सुधारली. आता कानाकडे बघावे.

त्याने ओळखलेली अडचण तर जणू आमच्याच घरी बसून टिपली होती. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच मोठा लागतो. म्हणून नुसता सगळाच आवाज वाढवून भागत नाही, हळू बोलले की "काय?" आणि मोठ्याने बोलले की "ओरडतेस कशाला?" व्हिल्चरचा उपाय असा की, खर्ज आणि बारीक सूर वेगवेगळे घ्यावेत, आणि प्रत्येकात हळू आवाज पुष्कळ वाढवावा, मोठा थोडाच वाढवावा. १९७३ साली त्याने हे संशोधन प्रसिद्ध केले, आणि त्यावर एकस्व घेतले नाही. ज्याला हवे त्याने वापरावे म्हणून मोकळे सोडले. पुढे ही रीत श्रवणयंत्रांत सर्रास रूढ झाली. २०११ साली, वयाच्या ९४व्या वर्षी तो गेला.

मी दिवा मालवून पडलो. आपल्याकडे नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला आहे, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. नऊ वर्षे मी श्रवणभक्त म्हणवत होतो. पेटी भिंतीपासून किती इंच असावी, तार किती जाड असावी, हे मला तोंडपाठ होते. आणि त्याच खोलीत तीन हातांवर बसलेल्या माणसाला काय ऐकू येते हे मला ठाऊक नव्हते. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात एक सोनेरी तबकडी पाठवली गेली. तिच्यावर आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. सोबत सुई आहे, तबकडी कशी वाजवायची याची चित्रे आहेत. स्पीकर मात्र नाही, आणि कान तर कोणीच पाठवू शकत नाही. तो ऐकणाराचा ऐकणारानेच आणायचा. माझी बैठकीची खोली त्या यानाहून फारशी निराळी नव्हती.

श्रवणयंत्रे घेतली. दोन्हींची मिळून किंमत ऐकून आप्पा म्हणाले, "एवढ्यात एक म्हैस आली असती." पेट्यांची किंमत, गाडीभाडे आणि हमालाची दुप्पट मजुरी धरूनही यंत्रेच महाग निघाली. पण त्यांच्यात काय आहे? तेच की! कानात जाणाऱ्या टोकाला तुरीच्या दाण्याएवढा एक स्पीकर. तेच चुंबक, तेच वेटोळे, तोच थरथरणारा पडदा. आजवर मी पाहिलेला सर्वांत लहान आणि सर्वांत महाग ध्वनिक्षेपक.

पहिले आठ दिवस कठीण गेले. आप्पांना फरशीवरच्या चपला ऐकू येऊ लागल्या, वर्तमानपत्राची सळसळ ऐकू येऊ लागली, आणि ते वैतागले. "घरात केवढा गोंगाट असतो रे तुमच्या!" यंत्रे काढून डबीत ठेवत, कन्या पुन्हा घालायला लावी. डॉक्टरांनी सांगितले होते की कानापेक्षा मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. मीही त्यांना त्यांचेच वाक्य ऐकवले: "थांबा आप्पा, तापू द्या त्याला." ते हसले. आई गेल्यानंतर इतके मोकळे हसलेले मी त्यांना पाहिले नव्हते.

दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी आपण होऊन सांगितले, "लाव रे तुझं ते गाणं."

मी खाँसाहेबांची तबकडी लावली. खुर्ची नेमक्या अंतरावर ठेवली आणि यावेळी स्वतःही एक खुर्ची घेऊन शेजारी बसलो. आप्पांनी पेटीवर हात ठेवला नाही. डोळे मिटून ऐकत राहिले. तबकडीची बाजू संपली तसे त्यांनी डोळे उघडले, लगेच. सुई रिकाम्या घेरात जायच्या आत.

"कसं वाटलं?" मी विचारले. विचारताना छाती धडधडत होती.

आप्पा जरा थांबले. मग शिक्षकाने वहीत लाल शाई चालवावी तशा सुरात म्हणाले, "गाणं फार चांगलं आहे. पण तुझ्या त्या डाव्या पेटीत खरखर येते."

"खरखर? ती ऊब आहे आप्पा."

"ऊब कसली? खरखर आहे. सूर वर गेला की येते. दुरुस्त करून घे."

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, कारण असा आनंदाचा क्षण त्यांना चुकवायचा नव्हता. मी पुढचे कापड काढले, डाव्या शंकूवर दोन्ही बाजूंनी अलगद बोटे ठेवून तो आत दाबला. घासल्याचा बारीक आवाज आला. फोम बसवताना वेटोळे केसभर एका बाजूला सरकले होते. ते इतकी वर्षे चुंबकाला घासत होते, आणि मी त्या घासण्याला ऊब म्हणत होतो. चाळिशी उलटल्यावर माझ्याही कानांचा वरचा सूर थोडा उतरलाच असणार. पण दोष सगळा कानाचा नव्हता. आवडत्या वस्तूतली खरखर कानाला ऐकू येते. आपण तिला दुसरे नाव देतो.

यंदाच्या साफसफाईत भांडण झाले नाही. रविवारी दहा वाजता सौभाग्यवती केरसुणी घेऊन आल्या तेव्हा डावी पेटी आधीच जागेवरून हलली होती. ती आता जेवणाच्या टेबलावर आडवी पडली आहे. नवी पट्टी मागवली आहे, आणि या खेपेस वेटोळ्याभोवती कागदाच्या पट्ट्या घालून, मध्य नीट साधून, मगच चिकटवायची असे ठरले आहे. देखरेखीला आप्पा आहेत. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशरही मी बदलला आहे.

तोवर एकट्या उजव्या पेटीवर गाणे चालते. मी आप्पांना म्हणालो, "थोडे दिवस एकीवरच भागवावं लागेल."

"एक पुरे की," आप्पा म्हणाले. "मर्फीत तरी कुठं दोन होते?"

खरेच होते. आणि मी स्वतःशी जरा हसलो. कारण खाँसाहेबांच्या काळी ध्वनिमुद्रण एकेरीच होत असे. ते गाणे मुळात एकाच स्पीकरपुरते आहे. पेटी एक असली तरी भागते. खुर्च्या मात्र आम्ही आता दोन मांडतो.